सहभोजनाची आखणी

घरी चार पाहुणे येणार असले, की आई सकाळपासून कामाला लागते. किती माणसे येणार, कोणाला तिखट चालत नाही, घरात पीठ किती आहे, पाणी भरले आहे की नाही, या साऱ्यांचा ती विचार करते. ती हे कागदावर लिहीत नाही. पण तिच्या मनात सगळे टिपलेले असते. मराठीत याला 'नियोजन' किंवा 'आखणी' म्हणतात. उर्दूत आपण 'मनसूबाबंदी' म्हणतो.

आता अशी कल्पना करा, की चोवीस जणांना घेऊन तुम्हांला बाहेर जेवायला जायचे आहे. तेही अशा दिवसांत, की जणू सारे शहरच जेवायला बाहेर पडले आहे. अशा वेळी नुसती हौस पुरत नाही. आखणी नसेल, तर काहीजण उपाशी राहतात, काहीजण गर्दीत चुकतात, आणि बिल आले, की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. म्हणून सहभोजनाची आखणी कशी करावी, ते या पाठात पाहू.

शहराने मिळून खाण्याचा सण साजरा करावा, ही कल्पना अनेक ठिकाणी आढळते. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात १९९२ साली डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले होते. त्या निमित्ताने तेथील अनेक नामांकित उपाहारगृहांनी दुपारचे जेवण एकाच ठरावीक किमतीला देण्याचे ठरवले. ती किंमत होती १९ डॉलर ९२ सेंट, म्हणजे वर्षाच्या आकड्याइतकीच! लोकांना ही कल्पना आवडली. पुढे तो 'रेस्टॉरंट वीक' नेहमीचाच झाला आणि इतर शहरांनीही ती रीत उचलली. त्यात ग्राहकाचा एक मोठा फायदा असतो. किती पैसे लागणार, हे त्याला घरातून निघण्यापूर्वीच ठाऊक असते.

आपल्या मुंबईतही खाण्याचा एक मोठा उत्सव दरवर्षी भरतो. त्याला कोणी आयोजक नाही, निमंत्रणपत्रिका नाही, की ठरावीक किंमत नाही. रमजानचा महिना लागला, की महंमद अली रोड, मिनारा मशिदीजवळच्या गल्ल्या, भेंडीबाजार आणि बोहरी मोहल्ला संध्याकाळपासून गजबजून जातात. निखाऱ्यांवर कबाब भाजले जातात. मोठ्या पातेल्यांत खिचडा शिजतो. कढईत मालपुवे फुगतात. मातीच्या वाट्यांत फिरनी थंड करून ठेवलेली असते. भेंडीबाजारातील नूर मोहम्मदी हॉटेल १९२३ सालापासून चालू आहे. तेथील नल्ली निहारी प्रसिद्ध आहे. मिनारा मशिदीजवळचे सुलेमान उस्मान मिठाईवाला हे दुकान १९३६ सालचे. येथे तांदळाचे वाफवलेले गोड 'संदल'ही मिळते. कोकणातील आपले लोक त्याला 'सांदण' म्हणतात. कोकणातील हिंदूंच्या घरीही सांदणे होतात. शब्दही तोच, तांदूळही तोच. या गल्ल्यांत केवळ मुसलमानच येतात असे नाही. सर्व धर्मांचे लोक दूरदुरून येतात.

अशा ठिकाणी आपल्या वर्गाला न्यायचे असेल, तर काय करावे लागेल? मी हे दोनदा केले आहे. पहिल्या वेळी चुकलो, दुसऱ्या वेळी पुष्कळसे जमले. माझी चूक तुम्हांला आधी सांगतो. शिक्षकाची चूक विद्यार्थ्यांच्या अधिक लक्षात राहते, असा माझा अनुभव आहे.

२०२४ सालचा रमजान मार्च महिन्यात सुरू झाला. तेव्हा हा वर्ग आठवीत होता. मी फळ्यावर लिहिले, "सहभोजन : प्रत्येकी २५० रुपये." त्याखाली मुलांची नावे लिहिली आणि जो पैसे देईल, त्याच्या नावापुढे खूण करू लागलो. मला वाटले, हिशेब किती स्वच्छ! तीन दिवसांत सगळ्या नावांपुढे खुणा झाल्या. एकच नाव मोकळे राहिले. त्या मुलाने सांगितले, "सर, त्या दिवशी मला गावी जायचे आहे." मी विश्वास ठेवला. आम्ही गेलो, जेवलो, परत आलो. दुसऱ्या दिवशी कळले, की तो गावी गेलाच नव्हता. त्याचे वडील हातगाडी ओढतात आणि त्या महिन्यात ते आजारी होते. माझ्या फळ्यावरच्या त्या मोकळ्या जागेने त्या मुलाला खोटे बोलायला लावले होते, तेही रमजानच्या महिन्यात. ती चूक त्याची नव्हती, माझी होती.

म्हणून आखणीचा पहिला नियम लक्षात ठेवा. आधी रक्कम जमवा, मग पदार्थ ठरवा. आपण बहुधा उलटे करतो. आधी पदार्थांची यादी करतो, मग तिच्या किमतीला माणसांच्या संख्येने भागतो आणि म्हणतो, "प्रत्येकाने इतके आणा." ज्याला तितके आणता येत नाही, तो गुपचूप बाजूला होतो.

२०२५ साली आम्ही रीत बदलली. प्रत्येकाला एकसारखे कोरे पाकीट दिले. त्यावर नाव लिहायचे नाही. घरी विचारून, जमेल तेवढे पैसे पाकिटात घालायचे, पाकीट चिकटवायचे आणि वर्गातील पत्र्याच्या पेटीत टाकायचे. काही न घालता रिकामे पाकीट टाकले, तरी चालेल. पण पाकीट मात्र सर्वांनी टाकायचे. अठरा विद्यार्थ्यांनी आणि दोघा शिक्षकांनी पाकिटे टाकली. नंतर चार मुलांनी मिळून ती उघडली आणि सगळे पैसे एकत्र केले.

अशा पैशांचा हिशेब कसा करावा, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, पेटीत एकूण ४,००० रुपये जमले. जेवायला जाणारे २४ जण आहेत. त्यांत १८ विद्यार्थी, २ शिक्षक आणि ४ पाहुणे. पाहुण्यांकडून वर्गणी घ्यायची नाही. येण्याजाण्याला प्रत्येकी २० रुपये धरले, तर २४ जणांचे ४८० रुपये झाले. एकूण रकमेचा दहावा भाग, म्हणजे ४०० रुपये, अडीअडचणीसाठी वेगळा ठेवा. कोणाची चप्पल तुटते, कोणाला औषध लागते. आता ४,००० मधून ४८० आणि ४०० वजा करा. उरले ३,१२०. त्याला २४ ने भागा. प्रत्येकाच्या वाट्याला १३० रुपये आले. हे झाले आपले अंदाजपत्रक, म्हणजे उर्दूतील 'तखमीना'.

एकट्याने १३० रुपयांत फारसे काही येणार नाही. पण सहा जणांनी मिळून खाल्ले, तर तेच ७८० रुपये होतात आणि ताट भरते. म्हणून २४ जणांचे सहा-सहाचे चार गट करा. प्रत्येक गटात एक पाहुणा बसवा. समजा, गटाने कबाबच्या दोन प्लेटी घेतल्या, प्रत्येकी १०० रुपये; खिचड्याची एक प्लेट १४० रुपये; पनीरची एक भाजी १३० रुपये; १५ रुपयांची एक अशा आठ रोट्या १२० रुपये; आणि दोघांत एक याप्रमाणे फिरनीच्या तीन वाट्या, प्रत्येकी ५० रुपये. बेरीज ७४० रुपये झाली. उपाहारगृहाच्या बिलावर साधारणपणे पाच टक्के वस्तू व सेवा कर लागतो. तो ३७ रुपये धरला, की एकूण ७७७ रुपये झाले. ७८० च्या आत बसले! हे भाव केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. तुम्ही जाल, त्या दिवसांतले भाव तुम्ही स्वतः विचारून घ्या.

आणि समजा, पेटीत कमी पैसे निघाले, तर? पदार्थ कमी करा. माणूस कमी करू नका. कबाबची एक प्लेट कमी झाली, म्हणून कोणी उपाशी राहत नाही. मराठीत म्हण आहे, 'अंथरूण पाहून पाय पसरावे.' उर्दूत आपण चादर पाहून पाय पसरायला सांगतो. दोन्ही भाषांतील शहाणपण एकच आहे. पण ही म्हण सगळ्या वर्गाच्या एका अंथरुणाला लावायची. एकेकट्याला त्याच्या फाटक्या चादरीची आठवण करून द्यायला ती नाही.

दुसरा नियम असा : कोण काय खातो, ते आधी विचारा. आमच्या चार पाहुण्यांबद्दल सांगतो. आमच्या शाळेजवळ एक मराठी माध्यमाची शाळा आहे. तेथील चार मुलांना आम्ही बोलावले होते. त्यांच्याशी आमच्या मुलांनी मराठीत बोलावे, हाही एक हेतू होता. आमच्या मुलांना वाटले, पाहुणे आहेत, तर त्यांना मिनारा मशिदीचा मालपुवा खाऊ घालू. गोड पदार्थ आहे, सर्वांना चालेल. चौकशी केली, तेव्हा कळले, की तेथील मालपुव्यात अंडे असते. चौघांपैकी दोघे अंडे खात नव्हते. म्हणून आम्ही फिरनी ठरवली. नुसते "शाकाहारी आहेस का?" एवढेच विचारून भागत नाही. "अंडे चालते का? ज्या भांड्यात मांस शिजते, त्यातली भाजी चालेल का? कोणत्या पदार्थाने त्रास होतो का?" हेही विचारावे लागते. असे विचारण्यात कमीपणा नाही. आपणही परक्या ठिकाणी गेलो, की मांस हलाल आहे की नाही, ते विचारतोच ना? आपल्याला ज्या उत्तराची काळजी वाटते, तशीच काळजी दुसऱ्यालाही असते.

चौघांतला एक मुलगा जैन होता. त्याच्या घरी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. आता पाहा, केवढा पेच! आमच्या मुलांचा रोजा सूर्यास्ताला सुटणार आणि त्याचे जेवण सूर्यास्ताला थांबणार. आमच्यातला एकजण म्हणाला, "सर, मग त्याला बोलावण्यात काय अर्थ?" मी म्हटले, "त्यालाच विचारू." त्याने सांगितले, की मी घरून डबा आणीन आणि तुमच्याआधी जेवेन. तसेच झाले. उपाहारगृहातील टेबलाच्या एका टोकाला बसून तो सव्वासहा वाजता जेवला. सकाळपासून उपाशी असलेली आमची मुले त्याच्या शेजारी बसली होती. कोणी तोंड फिरवले नाही. तो आधी संकोचला. पण मुलांनी त्याला त्याच्या डब्यातल्या पदार्थांची मराठी नावे विचारायला सुरुवात केली आणि त्याचा संकोच गेला. पावणेसातच्या सुमारास अजान झाली, तेव्हा तो उठला आणि त्याने खजुरांची थाळी हातात घेऊन एकेकाला खजूर दिले. त्या संध्याकाळी त्याचा उपवास सुरू झाला आणि आमचा संपला. त्याचे जेवण जेथे थांबले, तेथून आमचे पुढे चालू झाले, असे म्हणा ना!

तिसरा नियम : जागा आधी पाहून या. ज्या दिवशी जायचे, त्याच्या आठवडाभर आधी दोघा-तिघांनी मोठ्या माणसाबरोबर जाऊन पाहणी करावी. रमजानात रोजा सोडण्याच्या वेळी उपाहारगृहे भरून जातात. चोवीस जणांना एकत्र जागा मिळेल का, किती वाजता यावे लागेल, आगाऊ रक्कम द्यावी लागेल का, हे मालकाला विचारा. आगाऊ रक्कम दिली, तर पावती घ्या. पदार्थांचे भाव लिहून आणा. हात धुण्याची सोय पाहा. तेथे अन्नपरवाना लावलेला आहे का, तेही पाहा. त्यावर चौदा अंकी क्रमांक असतो. बिलात 'सेवाशुल्क' आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. ते देणे न देणे ग्राहकाच्या मर्जीवर आहे. कर मात्र द्यावाच लागतो. या दोहोंतला फरक ओळखा. कोणी फसवले असे वाटले, तर भांडू नका. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तेथे तक्रार करता येते.

चौथा नियम वेळेचा. रमजान चांद्र महिना असल्यामुळे तो दरवर्षी सुमारे दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. म्हणून गेल्या वर्षीची वेळ या वर्षी चालत नाही. त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ आधी पाहा आणि तेथून उलटे मोजत या. समजा, रोजा पावणेसातला सुटणार आहे आणि तुमची शाळा कुर्ल्याला आहे. मिनारा मशिदीला जायला मशीद स्टेशन सोयीचे. तेथून पायी दहा-पंधरा मिनिटे लागतात. मशीद स्टेशनवर मध्य रेल्वेच्या जलद गाड्या थांबत नाहीत. धीमी किंवा हार्बर मार्गावरील गाडी पकडावी लागते. एवढे एक ठाऊक नसले, तर सगळा वर्ग थेट छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जाऊन पोहोचतो! म्हणून सव्वापाच वाजता कुर्ला स्टेशनवर जमावे आणि सव्वासहापर्यंत जागेवर पोहोचावे. रोजा सोडल्यावर नमाजसाठी वेळ ठेवावा. तेवढा वेळ पाहुण्यांजवळ कोण बसणार, हेही आधीच ठरवावे. पाहुण्यांना एकटे सोडून सर्वांनी उठून जाणे बरे नव्हे. सव्वासातला जेवण, सव्वाआठला गोड आणि साडेआठला परतीची वाट. रात्र चढते, तशी गर्दी वाढते. त्याआधी निघालेले चांगले.

पाचवा नियम सुरक्षिततेचा. पालकांची लेखी परवानगी घ्या. प्रत्येक गटाचा एक प्रमुख नेमा. त्याने दर ठिकाणी आपली सहा डोकी मोजावीत. कोणी चुकले, तर कोठे येऊन थांबायचे, ती जागा आधीच दाखवून ठेवा. ती ऐन गर्दीत नको. थोडी बाजूची हवी. पैसे एकाच मुलाच्या खिशात ठेवू नका, गटप्रमुखांत वाटा. पिण्याचे पाणी घरून न्या. उघड्यावर कापून ठेवलेली फळे टाळा. डोळ्यांसमोर शिजलेले, गरम अन्न घ्या. दिवसभर पोट रिकामे असते. तेव्हा एकदम तळलेल्या पदार्थांवर तुटून पडू नका. खजूर, पाणी, थोडे फळ आणि मग सावकाश जेवण, ही आपल्या वडीलधाऱ्यांची रीत पोटालाही मानवते.

आणखी एक. एकदम सारे मागवू नका. आधी थोडे मागवा, संपले तर पुन्हा मागवा. आपल्या धर्मात उधळपट्टीला मनाई आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. ताटात टाकलेल्या अन्नाबरोबर कोणाच्या तरी पाकिटातले पैसेही वाया जातात. ते पाकीट कोणाचे, हे आपल्याला माहीत नसते. म्हणून तर अधिक जपायला हवे.

शेवटचा नियम हिशेबाचा. दुसऱ्याच दिवशी वर्गात पूर्ण हिशेब मांडा. किती जमा झाले, कशावर किती खर्च झाले, शिल्लक किती राहिली, हे बिलांसह सर्वांना दाखवा. कोणी किती दिले, हे मात्र लिहायचे नाही. ते लिहिता येणारच नाही; कारण पाकिटांवर नावे नव्हती. या निमित्ताने एक गंमत तुमच्या लक्षात येईल. हिशेब, जमा, खर्च, रक्कम, बाकी हे सारे शब्द मराठी माणूस रोज वापरतो आणि ते तुमच्या उर्दूतही आहेत. फारसी-अरबीतून ते मराठीत आले आणि येथेच रमले. मराठीत हिशेब लिहिणे तुम्हांला अवघड वाटते ना? अर्धे शब्द तर तुम्हांला आधीपासूनच येतात!

२०२५ सालच्या आमच्या सहभोजनाचा हिशेब ज्या मुलाने फळ्यावर लिहिला, तो तोच मुलगा होता, ज्याचे नाव आदल्या वर्षी मोकळे राहिले होते. त्याचे अक्षर सुंदर आहे. त्याने जमा आणि खर्चाच्या दोन्ही बाजू जुळवल्या, खाली दोन रेघा ओढल्या आणि खडू जागेवर ठेवला. त्याच्या पाकिटात किती पैसे होते, ते मला माहीत नाही. वर्गात कोणालाच माहीत नाही. तसेच असायला हवे.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही कधी सहभोजन ठरवाल. ते रमजानच्या गल्लीत असेल, शाळेच्या गच्चीवर असेल, नाहीतर सहलीच्या ठिकाणी एखाद्या झाडाखाली असेल. ताटात काय वाढले, हे तुम्ही काही वर्षांनी विसराल. आपल्या शेजारी कोण बसले होते आणि कोणाची जागा रिकामी राहिली होती, हे मात्र विसरणार नाही. म्हणून आखणी करताना पदार्थांच्या यादीआधी माणसांची यादी करा आणि तिच्यातले एकही नाव गळू देऊ नका.

स्वाध्याय

१. 'आधी रक्कम जमवा, मग पदार्थ ठरवा', असे लेखक का म्हणतात?
२. पाकिटांवर नावे न लिहिण्याचा फायदा तुमच्या शब्दांत सांगा.
३. जैन मुलाच्या जेवणाचा पेच कसा सुटला?
४. तुमच्या वर्गात ३,००० रुपये जमले आणि जाणारे २० जण आहेत, असे समजा. प्रवासखर्च प्रत्येकी २० रुपये आणि राखीव रक्कम दहावा भाग धरून प्रत्येकाच्या वाट्याला किती रुपये येतील, ते काढा.
५. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे मराठीत व उर्दूत दोन्हीकडे वापरले जातात. प्रत्येकाचा मराठी वाक्यात उपयोग करा.